ताप चौथ्या दिवसात गेला, तर मागचा महिना आठवा



मी शेतीखात्यातला माणूस. भाताच्या रोपाला काय झाले हे मला विचाराल तर सांगेन; लेकराला काय झाले हे सांगणे माझे काम नव्हे, ते डॉक्टरांचे. तरीही आज शेतीचा विषय बाजूला ठेवून मुलांच्या एका आजाराविषयी लिहीत आहे. कारण तो आजार मी एका शेतकऱ्याच्या ओसरीवर डोळ्यांनी पाहिला, आणि त्याचे निदान ज्या एका वाक्याने झाले ते वाक्य डॉक्टरांचे नव्हते, मुलाच्या आईचे होते.

गोष्ट २०२१ सालच्या मे महिन्याची. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती. भाटघर धरणाचे पाणी तळाशी गेले होते, रोहिणी नक्षत्र लागले होते आणि भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत भाताची धूळवाफेवर पेरणी करण्याची घाई चालली होती. मी जलाशयाच्या काठच्या एका गावी बियाण्याला मिठाच्या पाण्याची प्रक्रिया दाखवायला गेलो होतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ, वर तरंगेल ते पोचट बी काढून टाकायचे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्यांच्या अंगणात हे दाखवायचे होते त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा ओसरीवर घोंगडीत पडून होता.

"काय झालं पोराला?" मी विचारले.

"साहेब, चौथा दिवस हाय. ताप हटंना," त्याची आजी म्हणाली.

पहिल्या दिवशी नुसता ताप. दुसऱ्या दिवशी उलट्या आणि पोटात कळा. जवळच्या एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे लाल झाले, पण चिपडे नाहीत. अंगावर बारीक पुरळ उठले. शेजारची एक म्हातारी म्हणाली गोवर आहे, बाहेर काढू नका. चुलता म्हणाला अपेंडिक्स असेल. वडील म्हणाले डेंग्यू असेल. मी जवळ जाऊन हात धरला. मे महिन्याची दुपार, कपाळ तव्यासारखे तापलेले, आणि हात मात्र थंडगार. पोर डोळे उघडून बोलत नव्हते. बियाण्याची बादली तशीच ठेवली आणि १०८ क्रमांकाला फोन लावायला रेंज मिळेल तिथवर, वरच्या रस्त्यापर्यंत धावलो.

पुढे काय झाले ते सांगण्याआधी हा आजार कोणता, ते समजून घेऊ.

कोरोना गेल्यावर येणारा आजार

कोरोनाने मुलांना फारसे छळले नाही, हे आपण सर्वांनी पाहिले. म्हातारीकोतारी माणसे गेली, कर्ती माणसे गेली, मुले मात्र बहुधा सर्दी-खोकल्यावर निभावली. पण एप्रिल २०२० मध्ये इटलीतल्या बेर्गामो भागातल्या डॉक्टरांच्या ध्यानात एक वेगळी गोष्ट आली. त्यांच्या रुग्णालयात मागच्या पाच वर्षांत मिळून ज्या आजाराची १९ मुले आली होती, तशाच आजाराची १० मुले फेब्रुवारी ते एप्रिल या दोन महिन्यांत आली. त्याच सुमारास इंग्लंडमधल्या डॉक्टरांनीही इशारा दिला. १५ मे २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराची व्याख्या जाहीर केली. त्याचे नाव लांबलचक आहे: मुलांमधील बहुअवयवी दाहक लक्षणसमूह. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात 'एमआयएस-सी' म्हणतात.

आपल्याकडेही तो लांब नव्हता. मुंबईतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०२० सालीच अशा २३ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश मुले रुग्णालयात पोहोचली तीच शॉकच्या अवस्थेत, म्हणजे रक्तदाब खाली गेलेला, हातपाय गार पडलेले. तरीही उपचार मिळाल्यावर एक सोडून बाकी सारी वाचली. ही गोष्ट मनात कोरून ठेवा. आजार भयंकर आहे, पण वेळेवर ओळखला तर बरा होणारा आहे. सारा भार ओळखण्यावर आहे.

दरवाजे उघडले, पण मिटले नाहीत

दाह म्हणजे काय? पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, गरम होते. शरीर तिथे रक्तातली फौज पाठवते. हा दाह उपयोगी असतो. रोगजंतू मारला की फौज परत फिरते आणि सूज ओसरते.

आपल्या भाटघरचे स्वयंचलित दरवाजे तुम्ही पाहिले असतील. पाणी ठराविक पातळीला आले की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. दाहाचेही तसेच. कोरोनाचा विषाणू आला, दरवाजे उघडले, फौज धावली, विषाणू गेला. बहुतेक मुलांत दरवाजे वेळेवर मिटले. थोड्या मुलांत मात्र पूर ओसरल्यावरही ते उघडेच राहिले, आणि मग धरणाचेच पाणी खालची शेते वाहून नेऊ लागले. विषाणूऐवजी शरीराची स्वतःची फौजच रक्तवाहिन्या, आतडी, त्वचा आणि मुख्य म्हणजे हृदय यांवर उलटली.

हे सारे घडते ते कोरोना होऊन गेल्यावर, साधारण दोन ते सहा आठवड्यांनी. पुष्कळदा मुलाला कोरोना झाल्याचे घरात कुणाला कळलेलेही नसते. पोर उड्या मारत असते. घर कोरोना विसरून कामाला लागलेले असते, आणि मग एके दिवशी ताप येतो. म्हणून हा आजार फसवा.

पिवळे रोप आणि लाल डोळे

रोपवाटिकेत भाताची रोपे पिवळी पडली की तुम्ही माझ्याकडे येता. मी लगेच औषध सांगत नाही. नत्र कमी पडले असेल, धूळवाफेवर लोहाची कमतरता असेल, पाणी साचून मुळे कुजली असतील, नाहीतर तुडतुडे पडले असतील. पान सगळीकडे पिवळेच, कारण मात्र वेगळे. रोप उपटून मूळ पाहावे लागते, आणि मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: पेरणी कधी केली, पाणी कधी दिले, काय टाकले? उत्तर चुकले की औषध चुकते.

मुलांच्या तापाचेही असेच आहे. ताप, लाल डोळे, पुरळ, पोटदुखी ही लक्षणे अनेक आजारांची सामाईक आहेत.

डेंग्यूत ताप, पुरळ, पोटदुखी असते आणि रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात. एमआयएस-सी मध्येही बहुधा त्या कमी होतात. पण डेंग्यूत सलाइनवर मोठा भर असतो, आणि इकडे हृदयच दुबळे झालेले असते. जास्त सलाइन चढवले तर त्याला ते पेलवत नाही.

लेप्टोस्पायरोसिस हा उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होतो. भातखाचरात अनवाणी काम करणाऱ्यांना त्याचा धोका असतो. त्यातही डोळे लाल होतात, पोटऱ्या दुखतात.

स्क्रब टायफस हा गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या चाव्याने होतो. अंगावर कुठेतरी, काखेत, जांघेत, कानामागे, विडी लागून भाजल्यासारखी काळी खपली दिसू शकते. ती शोधलीच पाहिजे, कारण औषध साधे आणि स्वस्त आहे, पण वेळेवर दिले तरच.

विषमज्वर, हिवताप आणि गोवर तर आपल्या ओळखीचेच. पोटदुखी आणि ताप पाहून अपेंडिक्सचा संशय येणेही स्वाभाविक आहे. जगभर एमआयएस-सीची अनेक मुले आधी अपेंडिक्सचा रुग्ण म्हणूनच दाखल झाली.

आता अडचण पाहा. एमआयएस-सीवर फौजेला आवरणारी औषधे देतात. पण आजार जर जंतूंचा असेल, त्यावर उपचार झालेला नसेल, आणि आपण फौजच आवरली, तर जंतूंना रान मोकळे. उलट आजार एमआयएस-सीचा असेल आणि आपण नुसतीच जंतूंची औषधे देत बसलो, तर हृदयाचे नुकसान होत राहते. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून निदानाला इतके मोल.

डॉक्टर कसे ओळखतात?

'एमआयएस-सी आहे' असे एका चिठ्ठीवर छापून देणारी एकही तपासणी नाही. डॉक्टरांना चार-पाच धागे जुळवावे लागतात.

पहिला धागा तापाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तो तीन दिवस किंवा अधिक असावा लागतो.

दुसरा धागा एकाहून अधिक अवयवांचा. डोळे, ओठ, जीभ, त्वचा, पोटदुखी, उलट्या, जुलाब, रक्तदाब, हृदय, रक्त गोठण्याची क्रिया. यांतल्या निदान दोन ठिकाणी बिघाड हवा.

तिसरा धागा रक्ताचा. सीआरपी आणि ईएसआर या तपासण्या दाह किती आहे ते सांगतात. डी-डायमर रक्ताच्या गुठळ्यांबद्दल सांगते, ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला झालेल्या इजेबद्दल. टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी; तिच्यात हृदयाचा पंप कसा चालतो आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फुगल्या आहेत का, ते दिसते.

चौथा धागा म्हणजे दुसरे कारण नाही याची खात्री. डेंग्यू, हिवताप, विषमज्वर, स्क्रब टायफस हे तपासून बाजूला काढावे लागतात. तो निकाल येईपर्यंत डॉक्टर पुष्कळदा जंतूंची औषधेही चालू ठेवतात. त्याला गोंधळ समजू नका, ती सावधगिरी आहे.

पाचवा धागा कोरोनाचा. नाकातल्या स्रावाची तपासणी इथे बऱ्याचदा कामाला येत नाही, कारण विषाणू केव्हाच गेलेला असतो. तेव्हा उपयोगी पडली ती रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी तपासणी. आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, एनआयव्हीने, मे २०२० मध्ये अशी देशी तपासणी तयार केली होती. तिचे नाव 'कोविड कवच'. आणि प्रतिपिंडांइतकाच मोलाचा दुसरा पुरावा म्हणजे घरच्या माणसांची माहिती: मागच्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला काय झाले होते?

झाकली मूठ

आता पुन्हा त्या मुलाकडे जाऊ. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला तपासले. रक्तदाब फार खाली होता. त्यांनी वडिलांना विचारले, "मागच्या महिन्यात घरात कोरोना झाला होता का कुणाला?"

"नाही," वडील म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली. त्यांना दोष देऊ नका. ते दिवस आठवा. घरावर फलक लागत होता, वाट बंद होत होती, दूध घेणारे दूध घेईनात, पाणवठ्यावर बायका बाजूला सरत होत्या. कोविड केंद्रात नेलेला माणूस परत येईल का, ही धास्ती वेगळीच. कितीतरी घरांनी ताप झाकला. मलाही अंदाज होता, आणि खरे सांगायचे तर क्षणभर मीही गप्प राहिलो. लोकांच्या घरातली गोष्ट आपण कशी सांगावी, असे वाटले. त्या गप्प राहण्याची आजही लाज वाटते.

तेवढ्यात मुलाची आई पुढे झाली. म्हणाली, "डॉक्टर, हनुमान जयंतीला आमच्या घरात समद्यांना ताप व्हता. तपासलं न्हाई आम्ही. मला तर तव्यावरची भाकर करपली तरी वास आला न्हाई. पोराला मातर काय बी झालं नव्हतं."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "आणि याला ताप कधी आला?"

"बुद्ध पौर्णिमेला."

त्या साली हनुमान जयंती २७ एप्रिलला होती, बुद्ध पौर्णिमा २६ मे रोजी. चैत्रातल्या पुनवेला घरात ताप, वैशाखातल्या पुनवेला पोराला ताप. मधे साधारण चार आठवडे. डॉक्टरांनी हे सारे पुण्याला पाठवायच्या चिठ्ठीवर लिहिले आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून सांगितले. त्यामुळे पुण्यात पोहोचताच हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयाचा पंप दुबळा होता. प्रतिपिंडे सापडली. डेंग्यू नव्हता, अपेंडिक्स नव्हते.

मग इम्युनोग्लोब्युलिन हे औषध शिरेतून दिले. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली ही प्रतिपिंडे असतात. मुलाच्या वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम असे ते देतात. म्हणूनच ते महाग पडते. जोडीला स्टेरॉइड. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, नवव्या दिवशी मूल घरी आले. पुढे काही महिने हृदयाची तपासणी चालू होती. ती नीट निघाली. आज तो मुलगा लावणीच्या वेळी वडिलांच्या बरोबरीने मुठी टाकतो.

बंधूंनो, 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण व्यवहारात ठीक आहे. दवाखान्यात ती कामाची नाही. तिथे मूठ उघडावी लागते.

आता या गोष्टीचे काय?

तुम्ही म्हणाल, कोरोना तर सरला. खरे आहे. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. एमआयएस-सीही आता फार विरळ झाला आहे. मग हे का सांगतो?

एक तर, याच आजाराचा मोठा भाऊ आजही आपल्यात आहे. त्याचे नाव कावासाकी आजार. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली त्याचे पहिले मूल पाहिले आणि १९६७ साली अशा ५० मुलांची नोंद प्रसिद्ध केली. हा आजार बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. पाच-पाच दिवस ताप, दोन्ही डोळे लाल, ओठ फाटलेले, जीभ लालभडक आणि दाणेदार, अंगावर पुरळ, हातपाय सुजलेले, मानेत गाठ, आणि पुढे बोटांच्या टोकांची साल निघते. उपचार न झाल्यास जवळजवळ चारांतल्या एका मुलाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगतात. पहिल्या दहा दिवसांत इम्युनोग्लोब्युलिन मिळाले तर हा धोका फार कमी होतो. पण 'गोवर असेल, उतरेल' म्हणून आठवडा गेला की ती संधी गेली.

दुसरे असे की, आता प्रतिपिंडांच्या तपासणीचा पूर्वीसारखा उपयोग उरलेला नाही. कोरोना आणि लस यांमुळे जवळजवळ सगळ्यांच्याच रक्तात ती सापडतात. म्हणजे प्रयोगशाळेचा एक धागा सैल झाला आणि घरच्या आठवणीचा धागा अधिक मोलाचा झाला. मागचा महिना डॉक्टरांना तुमच्याशिवाय कोण सांगणार?

घरात एवढे करा

१. मुलाला ताप आला की दिनदर्शिकेवर त्या दिवशी खूण करा. रोज सकाळ-संध्याकाळ किती ताप, उलटी, जुलाब, पुरळ, लघवी किती वेळा, हे लिहा. लिहिता येत नसेल तर तिथीने लक्षात ठेवा. त्या आईने तिथीनेच सांगितले.

२. तापाचा तिसरा दिवस संपला की वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. लाल डोळे, पुरळ, सतत उलट्या किंवा जोराची पोटदुखी असेल तर तीन दिवसही थांबू नका.

३. हातपाय गार पडणे, मूल झोपाळू होणे किंवा ओळख न देणे, धाप लागणे, ओठ निळे पडणे, झटका येणे, पाणी न पिणे, सहा-आठ तास लघवी न होणे ही धोक्याची चिन्हे आहेत. त्याच घटकेला १०८ क्रमांकाला फोन करा. रात्र आहे, पाऊस आहे, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

४. घरच्या घरी ॲस्पिरिन किंवा स्टेरॉइडची गोळी देऊ नका. तापाचे औषधही मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारूनच द्या.

५. डॉक्टरांना सगळे सांगा. मागच्या दीड महिन्यात घरात कोण आजारी होते, मूल खाचरात किंवा रानात गेले होते का, घरात उंदीर आहेत का, आधी कोणत्या गोळ्या, कोणते इंजेक्शन झाले. जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. अंगारा-धुपारा केला असेल तर तेही सांगा, लाजू नका.

६. आईला बोलू द्या. आपल्याकडे डॉक्टरांसमोर बाप्ये पुढे होतात आणि बाई दाराशी उभी राहते. पण रात्रभर पोराच्या उशाशी तीच बसलेली असते.

७. खर्चाच्या धास्तीने मूल घरी ठेवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर न्या आणि त्याला विचारा. आशाताईही वाट दाखवतील.

त्या दिवशी ओसरीवर मी बियाण्याची बादली तशीच सोडून आलो होतो. आठ दिवसांनी परत गेलो तेव्हा आजीने त्या मिठाच्या पाण्यातले बी त्याच संध्याकाळी उपसून, धुऊन, सावलीत वाळवून ठेवले होते. वर तरंगलेले पोचट बाजूला, तळचे भरलेले बाजूला. म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगितलं व्हतं तसंच केलं." एकदा नीट सांगितले तर आपली माणसे विसरत नाहीत, हा माझा अनुभव आहे. म्हणून आज हेही सांगून ठेवतो: ताप चौथ्या दिवसात गेला, तर मागचा महिना आठवा, आणि आठवेल ते न झाकता सांगा.